पहिला अधिक आणि शिवलेली बोटं

माझ्या नवऱ्याला माणसं आउट द्यायची सवय आहे. लोकांच्या नवऱ्यांना काय काय सवयी असतात, त्या मानाने ही बरी, अशी मी स्वतःची समजूत घालते. हर्षित मुरबाडच्या एका शाळेत खेळाचा मास्तर आहे आणि सॉफ्टबॉलचा अंपायर. अंपायरकी मैदानावर ठेवून घरी यायचं त्याला जमत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर बाकीचे नवरे एक तर चिडतात, नाही तर गुपचूप खातात. हा ताटावरून मान वर करतो, अजिबात न चिडता 'मीठ कमी आहे' एवढा निकाल देतो आणि पुढे जेवतो. भांडावं म्हटलं तर हाताला काही लागत नाही.

लग्नानंतर मांडवपरतणीला आम्ही खर्डीजवळच्या माझ्या माहेरी गेलो, तेव्हा खळ्यावर हौसेचं क्रिकेट चाललं होतं. माझे बाबा, जयराम, साठी उलटलेले, डोक्याला लग्नातला फेटा तसाच, बॅटिंगला उतरले. अंपायर जावई. बाबा एक धाव काढायला निघाले, अर्ध्या वाटेत तंबाखू थुंकायला थांबले आणि तेवढ्यात स्टंप उडाला. हर्षितने बोट वर केलं.

"आमचा खळा, आमची बॅट, आन आमालाच आउट?" बाबा म्हणाले.

"खळं कोणाचंही असलं तरी क्रीज तिथेच असते," हर्षित म्हणाला.

बाबांनी बॅट टाकली. त्या दिवसापासून ते जावयाशी बोलले नाहीत आणि जावई सासुरवाडीला फिरकला नाही. सणावाराला मी एकटीच एसटीने यायची. दारात पाऊल टाकायच्या आत शेजारणी विचारायच्या, "एकलीच आलीस गो कुणाली?" या प्रश्नाचा मला इतका वीट आला होता की मी मागच्या बांधावरून घरात शिरायला लागले.

मग या वर्षी अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला अधिक म्हणजे जावयाचा मान. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. अनारसेच का, तर अधिकात जावयाला जाळीचं, म्हणजे भोकाभोकांचं द्यायचं असतं. हा महिना चुकला तर पुन्हा तीन वर्षं थांबायचं. तेवढी वर्षं मी बांधावरून ये-जा करणार नव्हते. या अधिकात माझा नवरा माझ्या आईच्या पाटावर बसलाच पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

हर्षित सरळ 'येतो' म्हणेल तर तो हर्षित कसला. पण नशिबाने त्याच रविवारी आमच्या गावात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यांची फायनल होती, आणि जवळपास परवाना असलेला अंपायर तो एकटाच. फायनल आमचं गाव विरुद्ध मुरबाड. मुरबाडवाले खूश, कारण अंपायर त्यांच्या गावचा. आमचं गाव खूश, कारण अंपायर गावचा जावई. त्याला पुरतं ओळखणारी मी एकटीच होते आणि मी खूश नव्हते.

"सामन्याला आलोच आहे तर वाणही घेऊन टाकू," तो म्हणाला. मी देवापुढे साखर ठेवली.

सकाळी सरळगाव, किन्हवली करत आम्ही मोटरसायकलने गावात पोचलो. तो थेट मैदानावर गेला, कारण सामना संपेपर्यंत अंपायरने कोणत्याही संघाच्या घरी जायचं नसतं म्हणे. मी घरी गेले. बाबा देवळात अधिकाची पोथी ऐकायला गेले होते. आई, सरस्वती तिचं नाव, अनारशांचा डबा पदराने पुसत होती.

"अनारसं बघ मग," ती म्हणाली. "आदी हेतलला विचार कालची मॅच कशी जिकली ती."

हेतल माझी धाकटी बहीण. शॉर्टस्टॉपला उभी राहते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात. तिने कौतुकाने ग्लोव्ह माझ्या मांडीवर टाकला. संघाला मुंबईच्या एका मंडळाने नवे कोरे ग्लोव्ह दिले होते आणि मैदान जवळ म्हणून ते आमच्याच पडवीत ठेवले होते. मी ग्लोव्ह हातात घेतला. त्याची चारही बोटं एकमेकांना सुतळीने शिवलेली होती, मुळापासून शेंड्यापर्यंत. नुसता अंगठा तेवढा सुटा.

"हे कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "पोरी पदरात चेंडू घेवाला जातांत आन बोटांच्या मधे ह्या एवढाल्या फटी. नवा सूप घरात आला का आदी त्याच्या भेगा सारवून बुजवतो का नाय आपण? नायतर दाना रहेल का त्यात? कंपनीवाल्यांना येवढीपन अक्कल नाय. मंग घेतला दाभन आन बसले. सगळंच शिवून काडलंव."

"आणि ताई, काल एक पण बॉल सुटला नाय," हेतल म्हणाली.

आमच्या गावात याला दुरुस्ती म्हणतात. फट असलेली वस्तू ही अजून पुरी न झालेली वस्तू, आणि ती पुरी करायचं काम घरच्या बाईचं. भाताचं पोतं असो, कणगी असो की सूप असो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट शिवण किती सारखी आलीय, असंच मनात आलं.

सामना सुरू झाला. भाताच्या दोन खाचरांमधला बांध काढून मैदान केलं होतं, त्यामुळे मधोमध थोडा उंचवटा होता आणि मुरबाडच्या पोरी तिथे अडखळत होत्या. सगळं गाव आंब्याखाली बसलेलं. बाबा पोथी संपवून आले आणि अंपायरकडे पाठ करून बसले. आमच्या पोरींच्या हातातून खरंच चेंडू सुटत नव्हता. शेवटच्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे, मुरबाडच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की सामना आमचा, पण दोघी बेसवर. मुरबाडच्या पोरीने चेंडू असा हाणला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो हेतलच्या ग्लोव्हमध्ये होता.

ढोल वाजायला लागला. पण मुरबाडच्या कोच दामिनी मॅडम शांतपणे चालत हर्षितकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह एकदा बघता का?"

हर्षितने ग्लोव्ह मागून घेतला. उलटा केला, सुलटा केला. खिशातलं पेन काढून दोन बोटांच्या मधे घालून पाहिलं. जाईना. दुसऱ्या दोन बोटांत घालून पाहिलं. तिथेही जाईना. मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. ढोल आपोआप थांबला.

"हा ग्लोव्ह नाही," तो म्हणाला. "ही मिट आहे."

गाव उठून मैदानात आलं. आमच्यात लोकांना काही कळलं नाही की ते आधी जवळ येऊन उभे राहतात. हर्षितने समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. ज्याची बोटं सुटी असतात तो ग्लोव्ह. ज्याची बोटं एकत्र आणि अंगठा तेवढा वेगळा, ती मिट. ग्लोव्ह कोणीही वापरावा. मिट वापरायची परवानगी फक्त बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरला आणि पहिल्या बेसवरच्या खेळाडूला.

"का पन?" कोणीतरी विचारलं.

"मिटमध्ये चेंडू सोपा पकडला जातो. त्या दोघींना सतत जोरात चेंडू येतो, म्हणून त्यांना सवलत. सगळ्यांनाच दिली तर खेळात राहिलं काय?"

"मंग सगळ्याच पोरींना कॅचर करून टाका," मागून एक म्हातारी म्हणाली.

बाबा पाठ करून बसले होते ते आता पुढे आले. जावयाशी बोलायचं नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कुणाली, विचार त्यांना. ह्या बोटांच्या शेंड्याला कंपनीनंच चामड्याची दोरी ओवलीय. कंपनीची दोरी चालतं, आन आमची सुतळी नाय चालत?"

"त्यांना सांग," हर्षित माझ्याकडेच बघून म्हणाला, "कंपनीची दोरी शेंडे धरून ठेवते. बोटं सुटीच राहतात. इथे बोटंच राहिलेली नाहीत."

"विचार, आतून हात घातला का बोटं येगळी जातांत का नाय?"

"सांग, नियम बाहेरच्या बोटांचा आहे."

"पुस्तकात हाय का तसा? का मुरबाडचा हाय म्हनून मुरबाडला देतो?"

हर्षितने तो भाग वाचून दाखवला. बाबा सवयीने हात जोडून ऐकायला लागले, मग लक्षात येऊन त्यांनी हात खाली घेतले. मी दोघांच्या मधे उभी होते आणि मला रडू येत होतं. बायकांच्या घोळक्यातून आई पुढे येताना मला दिसली. मी मानेने नको नको म्हणत होते.

"हे शिवलं कोणी?" हर्षितने विचारलं. हेतलने खाली बघितलं.

"मी," आई म्हणाली.

अधिक महिना, वाणाचा दिवस, सासू समोर उभी, आणि जावयाच्या हातात तिने शिवलेली वस्तू. कोणीही शहाणा माणूस अशा वेळी म्हणाला असता की जाऊ दे, पोरींचा खेळ आहे. मी हर्षितकडे बघितलं आणि मला कळलं की तो तसं म्हणणार नाही. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका कधी आला नव्हता.

"वाईट शिवलंय का?" आईने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"शिवण उत्तम आहे," हर्षित म्हणाला. "पण ती ग्लोव्हला चालत नाही. हा झेल धरायचा की नाही ते आता मुरबाडने ठरवायचं."

आईने पहिलं वाक्य ऐकलं. बाबांनी दुसरं ऐकलं. दामिनी मॅडमनी झेल नाकारला, त्यांची पोर परत बॅटिंगला येणार, आणि कॅचर नि पहिला बेस सोडून बाकी सगळ्या पोरींचे ग्लोव्ह आधी उसवायचे, असा निकाल झाला.

आईने घरून दाभण आणि विळा मागवला आणि बांधावर फतकल मारून बसली. पण तिची शिवण पोत्याची, दुहेरी टाक्याची. कोणीतरी समोरून ग्लोव्ह ताणून धरल्याशिवाय उसवणं शक्य नव्हतं. हेतल रडत होती, बाबा फुरंगटून आंब्याखाली गेले, बाकीच्या बायका 'वादाच्या वस्तूला हात नको' म्हणत मागे सरल्या. हर्षित इकडेतिकडे बघून आईसमोर मांडी घालून बसला आणि त्याने ग्लोव्ह धरला. लग्नानंतर सासू-जावई पहिल्यांदाच समोरासमोर बसले होते, ते असे.

"सकाळपासून काय खाल्लंत का?" टाके कापता कापता आईने विचारलं.

"नाही."

"गो कुणाली, ताक आन त्यांना."

"नको. सामना चालू आहे. संघाच्या माणसांकडून अंपायरने काही घ्यायचं नसतं."

"पानीपन नाय?"

"पाणीपण नाही."

आईने हातातला विळा थांबवला. उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. दहा पावलांवर आमच्या घरचा माठ होता. "हा घरी पन असाच हाय?" तिने मला विचारलं.

"असाच," मी म्हणाले. "मी केलेल्या भाकरीला पण असाच."

पुढचे ग्लोव्ह उसवताना ती अधूनमधून त्याच्याकडे बघत राहिली. बाजारात नव्या जातीचं बियाणं ओंजळीत घेऊन बघतात तसं.

सामना पुन्हा सुरू झाला. मुरबाडच्या पोरीने चेंडू पुन्हा हेतलच्याच दिशेने मारला, पहिल्यापेक्षाही सोपा. पण उसवलेला ग्लोव्ह हेतलच्या हाताला परका झाला होता. चेंडू ग्लोव्हच्या तळव्याला लागून बाहेर उडाला, बेसवरच्या दोघी होम बेसवर पोचल्या आणि आम्ही हरलो. ढोलवाल्याने ढोल खांद्याला लावला आणि कोणाशी न बोलता निघून गेला. गावाने हर्षितला शिव्या दिल्या नाहीत. जावयाला देत नाहीत. सगळे नुसते त्याच्या बाजूने जाताना घसा साफ करत होते.

तो मोटरसायकलपाशी गेला आणि त्याने हेल्मेट घातलं.

"चल," मला म्हणाला. "आता इथे कोणाला मी नको असेन."

"मला हवे आहात," मी म्हणाले. "पण तुम्ही कधी एकदा तरी, एका माणसासाठी तरी, डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं?" त्याने हेल्मेटची काच वर केली आणि पुन्हा खाली केली. त्याला वाईट वाटलं होतं हे मला दिसत होतं आणि त्यामुळे मला आणखी राग येत होता. तीन वर्षांचा बांध माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

तेवढ्यात आई हातात तांब्या घेऊन रस्त्यात येऊन उभी राहिली.

"सामना सपला ना?" तिने विचारलं.

"संपला."

"मंग आता ताक चालतं का?"

हर्षितने क्षणभर विचार केला. खरंच विचार केला. "हो," तो म्हणाला, "आता चालतं." आणि त्याने हेल्मेट काढलं.

तो सगळा तांब्या प्यायला. आई त्याला घेऊन पुढे निघाली आणि मी मागे, समोरच्या दाराने. शेजारणी ओट्यावरच होत्या, पण त्यांनी काही विचारलं नाही.

दिवेलागणीला आईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. बाबा खांबाला टेकून, पाठ करून बसले होते, पण कान इकडे होते. आईने हर्षितला ओवाळलं, धोतरजोडी दिली आणि तेहतीस अनारशांचं ताट त्याच्यापुढे ठेवलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आईने, कोणत्याही जावयाला विचारतात तसं, सहज विचारलं, "अनारसं कसं झालंत?"

या प्रश्नाचं उत्तर 'छान झालेत' असं असतं. ते विचारणाऱ्याला माहीत असतं आणि सांगणाऱ्याला माहीत असतं. हर्षितने ताट जवळ ओढलं. एकेक अनारसा उचलून समईच्या उजेडात धरला. मी त्याला पायाने ढोसलं. त्याने सगळे बघून झाल्यावर तीन बाजूला काढून ठेवले.

"या तिघांना जाळी पडलेली नाही," तो म्हणाला. "भोकंच नाहीत. बाकीचे तीस उत्तम आहेत."

बाबा वळून बसले. त्यांच्या तोंडावर जवळजवळ आनंद होता. आता सरस्वती या माणसाला दाराबाहेर काढते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी डोळे मिटून घेतले.

आईने ते तीन अनारसे हातात घेतले. उलटेसुलटे केले. "नायच पडली जाळी," ती म्हणाली. "शेवटाला तूप थंड झालता. मना ठावं होता." मग ती बाबांकडे वळली. "तुमी सकाळी खाऊन काय म्हनलाव?"

"चांगलं झालंत म्हनलो," बाबा म्हणाले.

"लग्न झाल्यापासून तुमी चांगलंच म्हनतांव. भात करपला तरी चांगला, कालवान आळणी झाला तरी चांगला. मना आजवर कलला नाय का कवा खरंच चांगला झाला." तिने ते तीन अनारसे खाली ठेवले. "ह्या मानसानं दुपारी सगल्या गावापुढं मना चुकीचा ठरवला. पन शिवन उत्तम हाय म्हनला. तवापासून माज्या मनात तेवढाच हाय. हा उगाच नाय म्हनत ना गो?"

"नाही गं आई," मी म्हणाले. "हे उगाच काही म्हणत नाहीत." हे बोलताना मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि रडूही आलं. त्याने आजवर मला तीन-चारदाच काहीतरी चांगलं म्हटलंय. ती प्रत्येक वेळ मला तारीखवार आठवते.

"पण वाण तेहतिसाचं असतं ना?" हर्षितने विचारलं. "आता तीसच राहिले."

"वान पुरा झाल्याबिगर जावयानं पाटावरून उठायचा नसता," आई म्हणाली. "हा आमचा नियम."

"मग बसतो," तो म्हणाला.

आईने चूल पेटवली, अनारशांचं उरलेलं पीठ मळलं, खसखस काढली. तो पाटावर मांडी घालून बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या तेव्हा त्याने पाय लांब करायची परवानगी विचारली, आणि आईने आतूनच दिली. बऱ्याच वेळाने बाबांनी अडकित्ता पुढे सरकवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "सुपारी चालतं का अंपायरला?" हर्षितने सुपारी घेतली.

आई तीन अनारसे ताटलीत घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थबकली. आम्हा मुलींच्या परीक्षेचा निकाल लागायचा तेव्हा शाळेच्या फाटकात ती अशीच उभी राहायची. हर्षितने पहिला अनारसा समईपुढे धरला. भोकाभोकांतून उजेड त्याच्या गालावर सांडला. दुसरा बघितला, तिसरा बघितला, आणि तिन्ही ताटात ठेवले.

"उत्तम आहेत," तो म्हणाला.

आईने पदराने तोंड पुसलं आणि पाटासमोर येऊन बसली.

"परत सांगा," ती म्हणाली.

त्याने परत सांगितलं.